दिवालगिरीतलं तेल

मोहनरावांनी बारामतीत बंगला बांधला त्या साली, म्हणजे छत्तीस-सदतीसच्या सुमारास, गावात बंगला म्हणवून घेणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतल्या निम्म्यांना गिलावा नव्हता. मोहनरावांच्या बंगल्याला गिलावा होता. आत आकाशी रंग होता, खाली शहाबादी फरशी होती आणि दिवाणखान्यात कोच होता. त्या कोचावर घरातलं कुणी बसत नसे. बसलं की माणूस खाली जायचा आणि वर येताना धोतर मागंच राहील की काय अशी धास्ती वाटायची. पण बंगला म्हटला की कोच हवा, हे मोहनराव पुण्यात पाहून आले होते.

बंगल्याला लागूनच त्यांची पिठाची गिरणी. तिच्या इंजिनाला त्यांनी डायनामो जोडून घेतला आणि घरात वीज आणली. इंजिन एका वेळी एकच काम करी. दिवसा पट्टा जात्याच्या चाकावर, तेव्हा ज्वारी दळली जाई. दिवेलागणीला पट्टा काढून डायनामोवर चढवला की बंगल्यात उजेड पडे. हे काम म्हस्कूकडं होतं. म्हस्कू वरकुट्याचा, पूर्वी मेंढरं राखायचा. इंजिन आणि एडका यांच्यात त्याला फारसा फरक वाटत नसे. इंजिन सुरू होईना की तो त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "चल रं माझ्या राजा, येड्यावानी करू नगं." आणि ते चालायचं. पुण्याचा मिस्त्री म्हणाला होता, हे अशास्त्रीय आहे. पण मिस्त्रीनं थाप मारली तेव्हा ते चाललं नव्हतं, हेही खरं.

वीज आली, पण दिव्यांचं काही मोहनरावांच्या मनासारखं होईना. मिस्त्रीनं भिंतींवर पांढऱ्या बशांखाली गोळे लावून दिले होते. त्या उजेडात दिवाणखाना दवाखान्यासारखा दिसे. आलेला माणूस कोचावर टेकला की आपसूक जीभ बाहेर काढील असं वाटे. एका संध्याकाळी त्या उजेडाकडं बघता बघता मोहनरावांना दिवालगिऱ्या आठवल्या.

दिवालगिरी म्हणजे भिंतीला किंवा खांबाला लावायचा दिवा. पितळेचा वळणदार हात, त्याच्या टोकाला रंगीत काचेचा पेला, पाठीमागं उजेड परतवायला बारकासा आरसा. पेल्यात तळाला पाणी, त्यावर तेल, तेलात तरंगती वात. मोहनरावांचे वडील जोतीआबा इंदापूरचे रोषणाईवाले. मळ्यात वांगी-मिरची लावायची आणि लग्नसराईत दिवालगिऱ्या भाड्यानं द्यायच्या, अशा दोन पायांवर त्यांचा संसार उभा होता.

मोहनरावांचं लहानपण त्या दिव्यांच्या गाडीत गेलं. कडब्यात गुंडाळलेल्या काचा, वर घोंगडं, त्यावर बसून वरकुटं, निमगाव, पार नरसिंहपूरपर्यंत. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहाच्या जयंतीला आबा पायऱ्यांच्या कडेनं दिवालगिऱ्या लावत. लाल, हिरवा, निळा उजेड पाण्यात पडे आणि पाण्याला हसू आल्यासारखा हलत राही. लग्नाच्या मांडवात तर काय विचारावं! दिवस बुडाला की आबा ठेवणीतलं पागोटं बांधून, काठीला पेटता काकडा लावून मधोमध उभे राहत. मांडवभर गप्पा चाललेल्या असत, व्याही रुसलेला असे, आचारी ओरडत असे. पण काकडा पहिल्या पेल्याकडं गेला की सगळं गप. एक वात धरे, मग दुसरी. आणि शेवटची धरली की सगळा मांडव हात जोडी. रुसलेला व्याहीसुद्धा. नवरी त्या उजेडात अशी दिसे, की नवऱ्याकडची मंडळी ठरलेल्या मानपानातलं थोडंफार विसरत.

मग गॅसबत्ती आली. एका बत्तीत सगळा मांडव लखलखला. लोकांना फार आनंद झाला. त्या उजेडात मांडवाच्या कापडाची ठिगळं दिसली, नवरदेवाचं खरं वय दिसलं, पण हौसेपुढं कुणी मनावर घेतलं नाही. दोन-तीन लग्नसराया गेल्या आणि जोतीआबांच्या दिवालगिऱ्या गोठ्याशेजारच्या खोलीत बारदानात निजल्या.

आता आबांची सत्तरी उलटली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोहनराव दर सणाला इंदापूरला जात आणि म्हणत, "आबा, चला बारामतीला." आबा म्हणत, "तितं यून काय करू? कोचावर बसू?" गेल्या थंडीत आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि शेजारची सारजा धुणं घेऊन गेली तेव्हा कुणाला कळलं. ती गेली नसती तर, हा विचार मोहनरावांना तेव्हापासून जेवताना, गल्ल्यावर बसल्यावर, कुठंही गाठी. वडिलांना घरी आणायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना आता हवी होती. आणि पांढऱ्या बशांकडं बघताना त्यांना वाटलं, सापडलं! म्हाताऱ्याचा जीव त्या दिव्यांत अडकलाय. दिवेच इकडं आणले तर म्हातारा मागं कशाला राहील?

ते इंदापूरला गेले. बारदान सोडलं. काजळी, कोळ्यांची जाळी, उंदरांच्या लेंड्या, आणि त्याखाली पितळ.

"नेऊ का आबा?"

"ने की," आबा म्हणाले. "समद्या ने. पुन्हा आनू नगंस हिकडं."

मोहनरावांना गहिवरून आलं. गहिवर आला की माणसाला समोरचा काय म्हणतो याची गरज उरत नाही. वडिलांनी किती दुःखानं हे म्हटलं असेल, याचाच विचार करत ते दिवाणखान्यापुरत्या सहा दिवालगिऱ्या घेऊन परतले.

पुढचे दोन महिने त्यांनी गिरणीकडं लक्ष दिलं नाही. तांबटाकडून पोचे काढून घेतले. चिंच आणि राखेनं पितळ घासवलं. ते इतकं उजळलं की सरुबाईंनी, म्हणजे मोहनरावांच्या बायकोनं, त्यात बघून केस सारखे केले. दोन पेले फुटले होते, तसे पुण्याच्या जुन्या बाजारात शोधले. लाल मिळाला, निळा मिळेना, म्हणून हिरवा आणला. आरशांना मागून नवा पारा चढवला. मिस्त्रीनं पितळी हाताच्या पोकळीतून तार ओवली, पेल्याच्या तळाशी भोक पाडून गोळ्याची बैठक बसवली आणि भोवती लाख भरली. पूर्वी जिथं वात तरंगायची, तिथं आता विजेचा गोळा उभा राहिला. बशा निघाल्या, दिवालगिऱ्या भिंतीवर चढल्या. मोहनराव रोज बटण दाबून बघत आणि सरुबाईंना विचारत, "कसं दिसतंय?"

"नवरी आणायची ऱ्हायलीय," सरुबाई म्हणत.

तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात त्यांनी चार माणसं फराळाला बोलावली. त्यांत मानसिंगराव वकील मुख्य. आणि खरे पाहुणे आबा. ते दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं आले. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात सुनेसाठी वांग्यांची पिशवी. दिवाणखान्यात येऊन त्यांनी भिंतींकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 

मोहनरावांनी डोळे पुसले आणि दिवस कलताना पाहुणे आले तसं ते त्यांना पट्टा कसा चढवतात ते दाखवायला गिरणीत घेऊन गेले.

दिवाणखान्यात आबा एकटे राहिले. बाहेर गुरं परतत होती. दिवेलागण होत होती, माणसं फराळाला बसणार होती, आणि भिंतीवरचे सगळे पेले कोरडे! आबांना विजेचं सांगितलेलं नव्हतं असं नाही. चांगलं तासभर सांगितलं होतं. पण पन्नास वर्षं या घटकेला ज्या हातांनी एकच काम केलं, त्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"सरु, करडईचं त्याल हाय का ग?"

"देवाच्या दिव्याला व्हय आबा? घ्या की, ती बरणी तितंच हाय," सरुबाई चुलीवरून मान न वळवता म्हणाल्या.

आबांनी बरणी घेतली. स्टुलावर चढले. सहाही पेले थेंब न सांडता काठोकाठ भरले, खाली उतरले आणि हात जोडून उभे राहिले.

म्हस्कूनं पट्टा चढवला. मंडळी दिवाणखान्यात आली. इंजिन टुकटुकलं आणि उजेड पडला. आणि काय पडला! तेलातून गाळून आलेला, जाड, मधासारखा. मोहनरावांना वाटलं, आपलं लहानपणच भिंतीवरून उतरून येतंय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या आबांचे हात जोडलेले राहिले, ते त्यांनी हळूच खाली घेतले.

"वा, मोहनराव!" वकील कोचावर बसत म्हणाले. "अगदी पेशवाईत आल्यासारखं वाटतंय." मग त्यांनी नाक वर केलं. "भजी आहेत का फराळाला?"

"न्हाई, करंज्या हैत," सरुबाई आतून म्हणाल्या.

"वास भज्यांचा येतोय."

येत होताच. गोळे तापले तसं तेल तापत होतं. लाखेचं काम मिस्त्रीनं तेलाचा विचार करून केलेलं नव्हतं. आकाशी भिंतीवरून एक पिवळा ओघळ निघाला, तो वाट काढत वकिलांच्या नव्या गरम कोटाच्या खांद्यापर्यंत आला. वकिलांनी खांद्याला बोट लावलं, बोट हुंगलं आणि ते तर्काला लागले, एवढ्यात पहिला गोळा फुटला. फाट्! मग दुसरा. एक पाहुणा फरशीवर आडवा झाला. तो पलटणीत राहून आला होता. बाकीचे गोळे जसे लग्नात फटाके, तसे एकामागून एक गेले आणि बंगल्यात मिट्ट अंधार झाला.

"म्हस्कू!" मोहनराव ओरडले.

"इंजान लई झ्याक चाललंय!" लांबून म्हस्कूचा आवाज आला.

अंधारात आबा म्हणाले, "माझ्यानं झालं, मोहन. त्याल मी घातलं."

आणि मोहनराव, ज्यांनी दोन महिने या एका माणसासाठी पितळ घासवलं, ते चार माणसांदेखत म्हणाले, "अहो आबा, मेला तो तुमचा धंदा! आता तरी ते तेल सोडा!"

 सरुबाई चिमणी घेऊन आल्या. तिच्या उजेडात पाहुण्यांनी करंज्या खाल्ल्या, छान झाल्या म्हणाले आणि लवकर गेले. आबा व्हरांड्यात जाऊन बसले होते.

सकाळी मोहनराव उठले तर आबा आंगणात दिवालगिऱ्या काढून बसलेले. पुढं राखेचं घमेलं. तेल पुसायचं, काचेचे तुकडे वेचायचे, राख फिरवायची.

"आबा, राहू द्या. गडी करतील."

"घान मी केली. ती काडून उद्याच्या मोटारीनं जातो."

मोहनराव शेजारी उकिडवे बसले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. गिरणीवाल्याला लागतही नाही. ते म्हणाले, "काल बोलून गेलो. तुमचा किती जीव आहे ह्या दिव्यांवर, मला का ठाऊक नाही?"

आबांचा हात थांबला. "कुनाचा जीव?"

"तुमचा."

"ह्यांच्यावर?" आबांनी हातातला पेला असा धरला, जसा मेलेला उंदीर धरतात. "आरं, तुला ह्यांचं कवतिक. तू गाडीत झोपायचास. काचा पुसायच्या कुनी? तुजी आय पुसायची. लगीन लोकाचं आन राख आमच्या नखात. पेला फुटला की तिचा हात कापायचा, काजळी जायाची न्हाय, पार पाटंस्तवर बसायची बिचारी. गॅसबत्ती आली तवा ती म्हनली, सुटले बया. मला बी बरं वाटलं. इंदापुरास्नं न्हेल्यास तवा म्हनलं, गेली एकदाची ब्याद. आन हितं यून बघतो तर भितीवर!"

 मोहनरावांच्या आठवणीत आईचे हात नव्हते. तिथं फक्त रंगीत पाणी होतं. आठवणीला काजळी धरत नाही, हा तिचा मोठाच दोष.

"मग काल तसे बघत का राहिलात?"

"बघू न्हाय तर काय करू? म्हनलं, पोरानं हौसंनं केलंय, कसं बोलू?"

"मग इंदापुरातच का राहायचं म्हणता? तिथं तरी काय आहे?"

आबांनी पितळावर राख फिरवली. "तितं बी कायच न्हाय," ते म्हणाले. "पर तितं मला सवय हाय. मांडवात म्या काकडा उचलला की पाटील बी बोलायचा थांबायचा. दिव्याचं काय रं, दिवा कुनाचा बी जळतो. पर मान्सं वाट बघायची माझी. आता कुनी कशाला बघंल? हितं तू बटान दाबतुस."

 मोहनराव उठून गिरणीत गेले आणि दिवसभर विनाकारण म्हस्कूवर खेकसले.

दिवस कलता कलता गिरणीत रोजचं भांडण उभं राहिलं. पट्टा कधी बदलायचा, हे ते भांडण. बंगल्याला उजेड हवा असे आणि रांगेतल्या बायांना पीठ. त्यांतली दगडाबाई आपली पाटी इंजिनाला आडवी लावून उभी होती.

"आजून ढीगभर दिस हाय! माजं दळल्याबिगर पट्ट्याला हात लावशील तर बघ!"

"मालकीनबाई वरडत्यात, अंदार पडला म्हून," म्हस्कू म्हणाला.

"त्यांस्नी म्हनावं, खिडक्या उघडा!"

"गप ऱ्हावा!"

आवाज आबांचा होता. राखेनं भरलेल्या हातांनिशी ते गिरणीच्या दारात उभे होते. मांडवात चढायचा तोच हा आवाज. बाया गप्प झाल्या. म्हस्कूही गप्प झाला. आबांनी तळहात आकाशाकडं धरला.

"हातावरच्या रेगा दिसत्यात तवर दिस. दिसंनात की दिवेलागन. ह्यात भांडायचं काय हाय?" त्यांनी डोळे बारीक करून तळहात निरखला. "दिसत न्हाईत. बदल पट्टा."

"आवं आबा," दगडाबाई म्हणाली, "तुमास्नी तर दुपारच्याला बी दिसायच्या न्हाईत! तुमच्या डोळ्यावर आमी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

रांगेत हसू फुटलं. आबाही हसले. इंदापुरात त्यांना कुणी असं तोंडावर बोललेलं फार दिवसांत झालं नव्हतं.

"मग तुजा हात बघ, बये. खरं बोल मातर. दिवेलागनीला खोटं बोलू न्हाय."

दगडाबाईनं हात पुढं केला. तिला खोटं बोलायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आबा समोर थांबून राहिले. रांग थांबली, म्हस्कू पट्ट्याला हात लावून थांबला. बंगल्याच्या खिडकीतून सरुबाई बघत होत्या.

"हैत आजून," ती म्हणाली. "जरा जरा."

"म्हंजी हिची पाटी दळ. मंग पट्टा."

दगडाबाईची पाटी दळून झाली. आबांनी पुन्हा तिचा हात मागितला. तिनं पिठाचा हात झटकून बघितला आणि मुकाट्यानं मान हलवली. आबा सावकाश बंगल्याकडं निघाले. पागोटं नव्हतं म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला.

मोहनराव दिवाणखान्यात अंधारात बसले होते. दिवालगिऱ्या आंगणात पडल्या होत्या आणि भिंतीवर घाईघाईनं पुन्हा त्या पांढऱ्या बशा, शिलकी गोळ्यांसकट, लावल्या होत्या. आबा बटणाशी येऊन उभे राहिले. बाहेर पट्टा चढल्याचा आवाज आला.

"लावा की आबा," मोहनराव म्हणाले.

"थांब. इंजानाला दम धरू दे."

मोहनराव थांबले. खिडकीबाहेर, पाट्या डोक्यावर घेऊन निघालेल्या बायाही म्हातारा काय करतो ते बघायला थांबल्या होत्या. आबांनी बटण दाबलं. पांढराशुभ्र, दवाखान्यासारखा, कुणालाही शोभून न दिसणारा उजेड पडला. आबांनी हात जोडले. बाहेर दगडाबाईनं पाटी एका हातानं सावरून दुसरा कपाळाला लावला, आणि मग मोहनरावांचेही हात आपोआप जुळले. कोचात रुतलेले असल्यामुळं त्यांना उठता मात्र आलं नाही.

"हां," आबा उजेडाकडं बघत म्हणाले, "ह्यो खरा उजेड. काजळी न्हाय, काय न्हाय. तुजी आय असती तर पदर पसरून पाया पडली असती ह्या बश्यांच्या."

दुसऱ्या दिवशी आबांनी मोटारीचं नाव काढलं नाही. मोहनरावांनीही विचारलं नाही. विचारलं तर आठवेल, अशी त्यांना भीती. चौथ्या दिवशी म्हस्कू वरकुट्याला निघाला होता, तेव्हा आबांनी त्याला हाक मारली.

"म्हस्कू, इंदापुरावरनं जाशील न्हवं? माजं घोंगडं आन येताना. आन सारजेला सांग, मळ्याला पानी तूच दे आता, वांगी बी तूच खा."

"बरं आबा. आन त्या खोलीतल्या ऱ्हायलेल्या दिवालगिऱ्या?"

"मोडीत घाल, न्हायतर नदीत सोड."

"नदीत नको," मोहनराव आतून एकदम म्हणाले. मग घसा खाकरून, मालकाच्या आवाजात, "गिरणीच्या माळ्यावर जागा आहे. कडब्यात नीट गुंडाळून आण."

आबांनी म्हस्कूकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि दगडाबाईची पाटी आली का ते बघायला बाहेर गेले.